दापोलीच्या बाजूला फिरताना दिसणारी फुलपाखरं, पतंग आणि टाचण्या ओळखायच्या कशा?

तुम्ही लिहिलंय की पावसात सकाळी पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर सड्यापर्यंत, कातळाच्या पठारापर्यंत, फिरून येता, फोनवर फोटो काढता, आणि ॲप एकाच जिवाचं आज एक नाव सांगतं, उद्या दुसरं. तीन कोडीही घातलीत: लिंबाजवळचं लाल ठिपक्यांचं काळं फुलपाखरू, आंब्याखाली पंख सपाट पसरून बसलेलं तपकिरी, आणि भाताच्या बांधावरची पिवळी सुई, म्हणजे चतुराच्या सडपातळ भावंडांपैकी, टाचण्यांपैकी एक. कोकणात बरीच वर्षं याच नादात फिरते आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाव शोधायच्या आधी झाड बघा. ॲपपुढे फक्त चित्र असतं. ते कुठल्या पानावर बसलं होतं, अंडी घालायला पानं चाचपत होतं की नुसतंच उन्हाला बसलं होतं, हे तुम्हीच पाहिलेलं असतं. मादी अंडी कुठेही घालत नाही. अळीला चालेल तेच झाड ती शोधते, आणि बहुतेक जातींची ही झाडं ठरलेली असतात. कोकणातल्या परसात तर आपण स्वतः लावलेल्या झाडांवरच अर्धं काम होतं. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन वाढतात. लिंबावर ब्लू मॉरमॉनही येतं, 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू असलेलं. माड-पोफळीच्या आगरात पामफ्लाय, बांधावरच्या एरंडावर कॉमन कॅस्टर, रुईवर प्लेन टायगर, सीताफळावर आणि उंच वाढणाऱ्या अशोकावर टेल्ड जे. ही पाच-सहा झाडं रोज नीट बघितलीत तरी पावसाळाभर पुरेल एवढं दिसेल.

यावरून तुमचं दुसरं कोडं जवळजवळ सुटतं. आंब्याखालचं, पंख सपाट पसरून बसणारं तपकिरी फुलपाखरू म्हणजे बहुधा कॉमन बॅरन. याची अळी आंबा आणि काजूची पानं खाते. मला ती फुलपाखराहूनही आवडते. हिरवीगार, दोन्ही बाजूंना पिसांसारखे काटे, आणि पाठीवरून एक पिवळी रेघ. पानाच्या मधल्या शिरेवर ही रेघ बरोबर जुळवून ती पडून राहते, त्यामुळे पान हातात धरलं तरी चटकन दिसत नाही. मोठं झालेलं बॅरन फुलांपेक्षा सडक्या फळांवर जास्त येतं. मोसम संपताना खाली पडलेली काजूची बोंडं आणि फुटलेले फणस बघत जा.

पहिलं कोडं जास्त रंगतदार आहे, कारण तिथे तीन उमेदवार आहेत. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ ही दोन फुलपाखरं अळी असताना सापसंदाच्या वेलावर वाढतात. वेलातलं विष अंगात साठतं, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. कॉमन मॉरमॉन विषारी नाही, पण त्याच्या माद्यांचं एक रूप कॉमन रोझसारखं दिसतं, दुसरं क्रिमसन रोझसारखं आणि तिसरं सरळ नरासारखं. मराठीत त्याला बहुरूपी म्हणतात ते अगदी योग्य आहे. पंखांवर भांडत बसू नका, अंग बघा. रोझचं डोकं आणि पोट लालभडक असतं, मॉरमॉनच्या मादीचं अंग काळं असतं. शिवाय रोझ संथ तरंगत जातात. तुमचं फुलपाखरू लिंबाची कोवळी पानं हुंगत फिरत होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे माझ्या मते ती मॉरमॉनची मादीच. फोटोत अंग काळं दिसलं तर खात्री समजा.

अशी जोडी प्लेन टायगरचीही आहे. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याच्यासारखी नारिंगी असते. मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके दिसले तर टायगर, तिथे ठिपके नसले तर एगफ्लाय. मादी जमिनीलगत घोळीच्या भाजीवर घुटमळत असेल तर एगफ्लायच धरा. नर अगदीच वेगळा असतो, काळा, मोठ्या पांढऱ्या डागांचा, त्यामुळे ही दोघं एकाच जातीची यावर आधी विश्वासच बसत नाही.

तरी काही जिवांच्या बाबतीत ॲपचा गोंधळ समजण्यासारखा आहे. कॉमन इव्हनिंग ब्राउन, जे तिन्हीसांजेला दिव्याकडे पडवीत येतं, ते पावसात पंखाखाली डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके घेऊन फिरतं आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात निव्वळ सुकलेलं पान होतं. पीकॉक पॅन्सीचंही तसंच. म्हणून फोटोबरोबर महिना लिहून ठेवा.

गवतातल्या नखाएवढ्या निळ्या फुलपाखरांसाठी मात्र एक नियम पाळाच: मिटलेल्या पंखांचा, बाजूने फोटो. ओळख त्या खालच्या ठिपक्यांच्या मांडणीत असते, वरची निळाई सगळ्यांचीच सारखी. तसा फोटो नसेल तर 'ग्रास ब्लू' एवढंच लिहा आणि पुढे चला. अर्धवट पण खरी नोंद मला ओढूनताणून दिलेल्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

पतंगांचं वेगळं आहे. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या वर, तर पतंगांच्या दहा हजारांहून जास्त, तेव्हा प्रत्येकाचं नाव लागेल अशी अपेक्षाच ठेवू नका. आधी हा पतंग आहे एवढं ठरवा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. दिवसा उडतो म्हणून फुलपाखरू समजू नका, कारण रंगीत आणि दिवसा फिरणारे पतंगही आपल्याकडे आहेत. पाऊस उघडला की रात्री पडवीत पांढरी चादर टांगून दिवा लावा. मात्र उजाडायच्या आधी दिवा बंद करून चादर हलकेच झटका, नाहीतर पहाटे दयाळ आणि बुलबुल चादरीवर बसलेल्या पतंगांचा फडशा पाडतात. ॲटलस पतंग आला तर घरच्यांना दाखवा. वीतभर पसरलेले पंख, टोकाला नागाच्या डोक्यासारखी नक्षी. कुणी मारायला धावलं तर सांगा की त्याला खायला चालणारं तोंडच नसतं. अळीपणी साठवलेल्यावर तो थोडे दिवस जगतो.

आता टाचण्या. चतुर बसताना पंख पसरतो, टाचणी बहुधा पाठीवर मिटते, आणि तिचे दोन डोळे एकमेकांपासून लांब, डोक्याच्या दोन टोकांना असतात. इथे झाडाऐवजी पाणी बघायचं. दाट सावलीतल्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, फॉरेस्ट ग्लोरी, खळखळत्या उघड्या प्रवाहातल्या दगडावर हिरव्या-निळ्या झळाळीचा स्ट्रीम ग्लोरीचा नर, भाताच्या साचलेल्या पाण्यात इवलीशी पिग्मी डार्टलेट. या पिग्मीची कोवळी मादी लाल असते आणि वयाबरोबर हिरवट होते, तेव्हा टाचण्यांमध्ये एकट्या रंगावर भरवसा ठेवू नका. शेपटीच्या टोकाचे चिमट्यासारखे आकडे आणि छातीवरचे पट्टे फोटोत आले पाहिजेत. त्यासाठी बांधावर उकिडवं बसून, टाचणीच्या उंचीवर फोन आणून, बाजूने एक आणि वरून एक असे दोन फोटो घ्या.

तुमची पिवळी सुई बहुतेक कोरोमंडल मार्श डार्ट असावी. पोट सबंध पिवळं, त्यावर काळी खूण नाही, छाती हिरवट. पोटाच्या टोकाशी निळं किंवा काळं दिसलं तर मात्र ती गोल्डन डार्टलेट असू शकते. तसे दोन फोटो मिळाले तर इथेच टाका, मी बघून सांगते.