एटीव्ही (शेतात वापरायची, हँडलची चारचाकी गाडी) चालवताना उजवा अंगठा फार दुखतो. थंब थ्रॉटल (अंगठ्याने दाबायची रेसची लिव्हर) काढून बाइकसारखा मुठीचा ॲक्सिलेटर लावावा का? ग्रिप कोणत्या घ्याव्यात?

नका लावू.

शेतात तासभर गाडी चालवली की अंगठ्याच्या बुडाशी कळ येते आणि गॅरेजवाला "बाइकचा ॲक्सिलेटर बसवून देतो" म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. ग्रिपचं नंतर बघू. या वाक्यावर मात्र मला बोलायलाच पाहिजे, कारण शब्दाला शब्द हेच आमच्या घरात एकाने म्हटलं होतं, आणि तो माझा सख्खा साळा आहे.

राहतो नागपुरात, संत्र्याचा बगीचा काटोलकडे. ट्रॅक्टर झाडांच्या ओळीत शिरला की खालच्या फांद्या मोडतो, म्हणून फवारणीची टाकी आणि क्रेट न्यायला एटीव्ही घेतली. अंगठा माझाही दुखायचा, आणि ते मी जेवताना बोलून गेलो. साळेबुवांचं लगेच सुरू: "भाऊजी, अंगठ्यानं कोठी गाडी चालते काय? अख्खा पंजा वापरा ना!" मी नको म्हणालो. मग मी एका लग्नाला भंडाऱ्याला गेलो, तेवढ्यात या माणसाने कुठल्याशा भंगारातल्या बाइकची मूठ आणि केबल आणून बसवून टाकली. परत आलो तर म्हणे, चला, चालवून दाखवतो.

दाखवलं त्याने. मागच्या कॅरिअरवर बोर्डो मिश्रणाची (निळ्या बुरशीनाशकाची) भरलेली टाकी, आदल्या रात्री पाऊस झालेला, आणि हा नाल्याच्या दरडीवरून वर चढायला निघाला. ओल्या काळ्या मातीत चाकं आधी जागच्या जागी फिरली, मग एकदम पकड बसली आणि गाडीने वर झेप घेतली. अंग मागे गेलं. माणूस मागे जाताना काय करतो? हँडल घट्ट धरून लोंबकळतो. लोंबकळला की मनगट खाली वळतं, मनगट वळलं की मूठ फिरते, मूठ फिरली की रेस वाढते. रेस वाढली की अंग आणखी मागे. जितका तो सावरायला बघत होता तितकी गाडी चवताळत होती. पुढची चाकं आभाळाकडे गेली तेव्हा याने बाजूला उडी टाकली, एवढी अक्कल शाबूत होती. गाडी उताणी पडली, टाकी फुटली, हँडल वाकलं, लिंबाचं एक रोप गेलं. साळेबुवा डोक्यापासून पायापर्यंत निळे. उठल्या उठल्या पहिलं वाक्य: "टाकी लय जड होती."

आजही तो हेच म्हणतो. पोळा असो, दिवाळी असो, बारसं असो, विषय निघाला की टाकी. सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट लिहितो: टाकी जड होतीच. पण तीच टाकी, तीच दरड, मी आधी कितीदा चढलो होतो. थंब थ्रॉटलवर बोटांनी हँडल कितीही ओढा, लिव्हर दाबली जात नाही. अंग मागे फेकलं गेलं की अंगठा उलट सुटतो आणि रेस बंद होते. खडबडीत जमिनीवर हँडल हे धरून राहायचंही साधन आहे, म्हणून धरणं वेगळं आणि रेस देणं वेगळं ठेवलंय. शिवाय वळताना हँडल पूर्ण फिरतं तेव्हा मनगटाचा कोन बदलतो, मुठीचा ॲक्सिलेटर तिथेही नको तेवढा उघडतो किंवा बंद होतो. उलटण्याचा धोका काही माझ्या साळ्याने शोधलेला नाही. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हींचे इतके अपघात झाले की 1988 मध्ये कंपन्यांना सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवावी लागली. आपली चारचाकी तेवढी वाईट नाही, पण अडीचशे-तीनशे किलोचं धूड अंगावर पडलं तर चाकं मोजायला कोणी थांबत नाही.

तर अंगठ्याचं काय? पुष्कळदा दोष लिव्हरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या केबलचा असतो. हँडलवर ही लिव्हर ज्यात बसते त्या थ्रॉटलच्या डबीचं झाकण उघडून बघा. आमच्या गाडीत आत धूळ आणि जुनं ग्रीस यांचा काळा गोळा झाला होता, आणि लिव्हर दाबताना तो अंगठ्याशी कुस्ती खेळत होता. केबल दोन्ही टोकांनी सोडवा आणि आतली तार हाताने ओढून बघा. खरखर लागली किंवा एखादा धागा तुटलेला दिसला तर तेल घालत बसू नका, अख्खी केबल बदला. चांगली असेल तर केबलचा पातळ स्प्रे मारा. ग्रीस नको, धूळ धरतं. मग केबल पेट्रोलच्या टाकीखाली कुठे दबलीय का, चुकीच्या जागी पट्टीने आवळलीय का, ते बघा. लिव्हरला थोडी ढिलाई लागते. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात 3 ते 5 मिमी दिलेली असते. तुमच्या पुस्तकात असेल ती धरा. शेवटी गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय, तशी गाडी बाहेर काढू नका.

दुसरं म्हणजे डबीचा कोन. क्लॅम्प ढिला करून डबी थोडी फिरवा. मनगट सरळ ठेवून मूठ बंद केल्यावर अंगठा जिथे आपसूक टेकतो, लिव्हर तिथे हवी. पुष्कळ गाड्यांत ती वर असते आणि माणूस दिवसभर अंगठा उचलून बसतो. ब्रेकची लिव्हरही तशीच, बोटं कोपरापासून सरळ रेषेत यावीत. बसून आणि फूटरेस्टवर उभं राहून, दोन्ही तऱ्हांनी बघा. रुंद पात्याची थंब लिव्हर मिळाली तर घ्या. तिच्यावर अंगठ्याचं टोक न लावता बूड टेकवता येतं, जोर कमी लागतो.

एक मात्र कधीच करू नका: थ्रॉटल हलका व्हावा म्हणून कार्ब्युरेटरची स्प्रिंग कापणं. गॅरेजवाले हेही सुचवतात. लिव्हर सोडली की ती खाड्कन परत आली पाहिजे.

आता उरलेलं. शर्यतीतले काही लोक मुठीचा ॲक्सिलेटर लावतात हे खरं आहे, पण त्यांच्या मागे फवारणीची टाकी नसते. तुमची गाडी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची (केबल नसलेली) असेल तर केबलचं वरचं सगळं विसरा. गाडी न चालवताही, बरणीचं झाकण उघडताना किंवा रात्री झोपेत अंगठा दुखत असेल तर प्रश्न गाडीचा राहिला नाही. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात हाडांच्या ओपीडीत दाखवा.

ग्रिप: मऊ रबराची, फार जाड नको. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) स्वस्त रबर हाताला चिकटतं, म्हणून हातमोजे घाला. बाइकच्या ग्रिपची जोडी आणाल तर डावीच बसेल. बाइकची उजवी ग्रिप फिरत्या नळीवर चढते म्हणून तिचं भोक मोठं असतं, आणि थंब थ्रॉटलच्या गाडीत उजवीकडेही साधा 22 मिमीचा पाइपच असतो. दुकानदार सुट्या देत नाही. दोन जोड्या घ्या, दोन्ही डाव्या तुम्ही लावा आणि उजव्या दोन्ही माझ्या साळ्याला पाठवून द्या.