आधी व्हिसा बघ, मग नळी

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. एच-1बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, ह्यूस्टनला येतोयस, आपल्या कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर काही वर्षं पॉइंट टू टूनं, म्हणजे छोट्या काडतुसाच्या .22 बंदुकीनं, नेम धरलायस, आणि इकडं आल्या आल्या एखादं वापरलेलं पिस्तूल नाहीतर रिव्हॉल्व्हर घ्यायचं मनात आहे. झीज कशी ओळखायची, हे विचारलंयस. मी इकडं यायच्या आधी उद्यमनगरात काकांच्या शॉपमध्ये लेथवर उभा राहायचो. नेमबाजीतलं तुला जास्त कळतं, लोखंडातलं मला थोडं.

पण झिजेच्या आधी कायदा. एच-1बी हा कायम वास्तव्याचा व्हिसा नाही, आणि इथल्या केंद्रीय कायद्यानं अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. अपवाद आहेत. नेहमी वापरला जातो तो म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन. ते असेल तर दुकानात बंदूक घेतानाचा सरकारी फॉर्म 4473 भरताना दाखवायचं. त्याची मुदत संपली की सवलतही संपली, त्यामुळं ती तारीख पासपोर्टसारखी जप. दुकानातून हँडगन घ्यायला वय 21 पूर्ण लागतं. आणि ‘माझ्या नावावर घेतो, तू वापर’ म्हणणारा एखादा दोस्त भेटला तर त्याला लांबनंच रामराम कर, तो सरळ गुन्हा आहे. आपल्याकडं लायसनच्या फाईलमागं चपला झिजतात, इथं बऱ्याचदा तासाभरात काम होतं, म्हणून माणूस गाफील राहतो. वकिलाला एकदा विचारूनच पुढं जा.

आता लोखंड. माझं पहिलं रिव्हॉल्व्हर .357 चं, स्टेनलेस, गुजरीतल्या चांदीगत चकाकणारं. पॉलिशला भुललो. रेंजवर तिसऱ्या गोळीला शेजारच्या माणसानं गाल चोळला. सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात ते फिरतं नळकांडं, आणि नळीच्या फटीतनं शिशाचे कण बाजूला उडत होते, कारण सिलिंडरचं भोक नळीच्या समोर नीट येतच नव्हतं. दुरुस्तीत किमतीच्या निम्मे पैसे गेले. लेथच्या स्पिंडलचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, हातानं सांगणारा मी, आणि दुकानात हात लावायचाच विसरलो!

त्यामुळं तू हात लाव. आधी हत्यार रिकामं कर. पिस्तुलाचं मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून चेंबर, म्हणजे नळीमागची काडतुसाची जागा, डोळ्यानं बघ आणि करंगळीनं चाचप. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून सगळी भोकं बघ. तोंड कुणाकडं नको. घोडा, म्हणजे ठोका देणारा मागचा हॅमर, रिकामा पाडायच्या आधी मालकाला विचार.

रिव्हॉल्व्हर असेल तर एका बोटानं सिलिंडरला हलका ब्रेक लाव आणि अंगठ्यानं घोडा अगदी सावकाश मागं घे. घोडा अडकायच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर ‘टक्’ करून बसलं पाहिजे. हे प्रत्येक भोकाला कर. पाच बरोबर आणि सहावं आळशी, असंही निघतं. मग घोडा चढलेला असताना मागनं अंगठ्यानं दाब. पडला तर तिथंच ठेवून बाहेर पड. घोडा पाडून चाप दाबूनच ठेव आणि सिलिंडर हलव. डावी-उजवीकडं किंचित हललं तर चालतं, पुढं-मागं मात्र जवळजवळ नको. सिलिंडर आणि नळीमधली फट फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघायची. 0.004 ते 0.008 इंच असेल तर झकास, 0.010 च्या पुढं मी घेत नाही. सिलिंडर एकदा पुढं ढकलून, एकदा मागं ओढून मोज. दोन मापांतला फरक म्हणजे पुढं-मागचा प्ले.

नळी सिलिंडरला भेटते ते तोंड बॅटरीनं नीट बघ, विशेषतः खालची बाजू. जोरदार काडतुसांनी तिथं तडा जातो. त्याच्या वरच्या पट्टीवर गॅसनं कापल्यासारखी बारीक खाच दिसेल. ती बहुतेक वेळा थोडी होऊन थांबते, घाबरू नकोस. नळीच्या दुसऱ्या टोकाला पांढरा कागद धरून आत बघ. आतल्या पिळाच्या आट्यांत काळी गोल कडी दिसली तर नळी आतनं फुगलीय. मागची गोळी अडकलेली असताना कुणीतरी दुसरी झाडली असणार.

स्क्रूची डोकी बघ. खाचा चुरगळलेल्या असतील तर आत कुणीतरी अर्धवट मिस्त्री शिरून गेलाय. मोटरसायकल घेताना आपण दुसरं काय बघतो? जमलं तर मुठीच्या पट्ट्या काढून घे. ह्यूस्टनची हवा आपल्या जुलैसारखीच दमट, गंज तिथंच लपतो.

पिस्तुलात स्लाइडचे, म्हणजे वरच्या सरकत्या भागाचे, कोपरे घासून पांढरे झाले असतील तर ती होल्स्टरची, म्हणजे कमरेच्या म्यानाची, झीज, भाव पाडायला उपयोगी. पोलिसांनी बदलून टाकलेली पिस्तुलं अशी दिसायला म्हातारी असतात, पण बरीचशी फार झाडलेली नसतात. मी तीच पसंत करतो. स्लाइड पुढं आणणारी रिकॉइल स्प्रिंग स्वस्तात बदलून मिळते. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले नसावेत.

पॉइंट टू टू घेणार असशील तर चेंबरच्या काठावर नख फिरव. त्या काडतुसात ठोका कडेला बसतो. रिकामा घोडा पाडून पाडून कुणी खेळला असेल तर पिन सरळ काठावर आपटून तिथं छोटा खळगा पडतो आणि काडतूस अडायला लागतं. नख अडलं की मी तरी दुसरं बघतो.

फिलर गेज तिकडनंच आण, चेक-इन बॅगेत टाक. फक्त इंचातलं बघून घे. नुसतं मिलिमीटरचं आणलंस तर काउंटरसमोर उभा राहून भागाकार करत बसशील.