वाढदिवसाचा केक नको, इकोला जायचं भाडं द्या

गेल्या अंकात आमच्या छोट्या संस्थेबद्दल चार ओळी आल्या होत्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या घरांबरोबर आम्ही कोल्हापुरात काम करतो एवढंच त्यात होतं, पण त्यावर पत्रं आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज एवढे आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, आमच्या बाळाला तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोम वाटतंय म्हणून रक्त पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. बायको 26 वर्षांची आहे, घरात कुणाला असलं काही नाही. आई म्हणते ग्रहणात विळी धरली म्हणून झालं. बाळ दूध ओढताना लगेच दमतंय. रिपोर्ट येईपर्यंत थांबू का? (एक बाबा, कागल तालुका)

थांबू नका. रिपोर्ट त्याच्या वेळेनं येईल, तुम्ही या आठवड्यात बाळाच्या हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयात काही ना काही दोष असतो आणि नुसत्या स्टेथोस्कोपनं तो दरवेळी कळतोच असं नाही, त्यामुळं "आवाज नीट आहे" एवढ्यावर घरी यायचं नाही. काही दोष, विशेषतः हृदयाच्या मधल्या पडद्याला मोठं भोक असेल तर, पहिल्या काही महिन्यांतच ऑपरेशन करावं लागतं. जास्त उशीर झाला की फुप्फुसातला दाब कायमचा वाढतो आणि मग ऑपरेशन करताच येत नाही. आमच्याकडं वर्षभरात जी घरं येतात त्यातली सगळ्यात वाईट वाटणारी हीच, "मोठं झाल्यावर बघू" म्हणून थांबलेली. दूध पिताना दमणं, कपाळाला घाम, श्वास जोरात, हे डॉक्टरांना असंच्या असं सांगा. कधीकधी हृदय ठीक असतं आणि स्नायू ढिले असल्यामुळं ओढायला जोर पडत नाही, तसं असेल तर थोडं थोडं पाजा, हनुवटीला खालून बोटाचा आधार द्या, वाटी-चमच्यानं काढलेलं दूध द्या, आणि वजन दर आठवड्याला करा.

इकोबरोबर थायरॉईडची टीएसएच तपासणी, कान आणि डोळे. थायरॉईड एकदा करून संपत नाही, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि पुढं दरवर्षी करायची. पैशाचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयदोष दोन्ही बसतात, 18 वर्षांपर्यंत. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हेच नाव घेऊन विचारा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही विचारा.

आता आईंच्या ग्रहणाचं. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात, यात 21 नंबरची दोनच्या ऐवजी तीन आलीत. हे बहुतेक वेळा बीज तयार होतानाच झालेलं असतं, म्हणजे दिवस राहायच्या आधी, तेव्हा कुठलं ग्रहण आणि कुठली विळी. आईचं वय वाढेल तशी शक्यता वाढते हे खरं, पण मुळात बाळंतपणंच तरुण वयात जास्त होतात म्हणून अशी बरीचशी मुलं तरुण आयांचीच असतात. बायकोला हे तुम्ही स्वतः सांगा आणि आईंसमोर सांगा, बंद खोलीत सांगून उपयोग नाही.

आणि बारसं करा. आमच्याकडं चार-पाच वर्षांची पोरं येतात ज्यांचं बारसंच राहून गेलंय, कारण तेव्हा घरात सुतकासारखं वातावरण होतं.

प्रश्न : नमस्कार ताई. माझं राजारामपुरीत दुकान आहे. मुलाच्या वाढदिवसाला तुमच्या संस्थेत केक, जेवण आणि मुलांना गिफ्ट द्यायचं मनात आहे, फोटोग्राफर आमचा आम्ही आणू. तुमचं वर्षभर काय काय चालतं तेही कळवा. (एक वाचक, कोल्हापूर)

दादा, मन मोठं आहे तुमचं म्हणून स्पष्टच लिहिते. आमच्याकडं मुलं राहत नाहीत. ती आपापल्या घरी राहतात, आईचा ओरडा खातात आणि दुपारी दोन-तीन तास येतात. केक तर एवढे येतात, सीझनला एकाच आठवड्यात दोन-दोन, आणि या मुलांचं वजन पटकन वाढतं, त्यामुळं केक गेल्यावर आयांची बोलणी आम्हाला.

वर्षभर काय चालतं म्हणाल तर खरं सांगू का, कागद. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, संजय गांधी निराधारचा अर्ज, निरामय विम्याचा फॉर्म. निरामय ही नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीचाही खर्च मिळतो आणि आधीपासून आजार आहे म्हणून नाही म्हणत नाहीत. पण हे माहीत असलेलं घर मला क्वचितच भेटतं. चंदगड, आजऱ्याकडनं बाई एक दिवस मजुरी बुडवून येणार, तिला कळणार की एक झेरॉक्स कमी आहे, परत जाणार. ती झेरॉक्स कमी पडू नये यासाठी आमचा एक माणूस आहे. त्याचा पगार द्यायला कुणीच पुढं येत नाही कारण त्यात फोटो चांगला येत नाही.

मार्चच्या 21 तारखेला जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस, 21 नंबरची तीन म्हणून 21/3, युनोनं 2012 पासून मानलेला. त्या दिवशी वेगवेगळ्या रंगाचे मोजे घालतात, कारण गुणसूत्रांचं चित्र मोज्यांसारखं दिसतं. आम्हीही घालतो, रंकाळ्यावर फेरी काढतो, लोक थांबून विचारतात, एवढं बरं असतं. मग जून आला की शाळा. या गावात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड लावला, आणि आज आई स्वतः पोराचा हात धरून दारात उभी असते तर तिला सांगतात की आमच्याकडं अशा मुलांची सोय नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो, जवळची साधी शाळा किंवा विशेष शाळा, निवड पालकांची. आम्ही त्या कायद्याची प्रत घेऊन आईबरोबर जातो, भांडायला नाही, नुसतं शेजारी बसायला, त्यानंही बरंच होतं.

पावसाळ्यात मुलांना छातीची दुखणी आणि पंचगंगेला पाणी वाढलं की रस्ते बंद. 2019 च्या महापुरानंतर आम्ही जुलैच्या सुरुवातीलाच प्रत्येक घरी फोन करून सांगतो की थायरॉईडच्या गोळ्या महिन्याच्या जास्तीच्या आणून ठेवा. गणपतीत डॉल्बी, त्यावर मी काही बोलले तर उद्या तुमच्या दुकानासमोरच लावतील, सोडा. दिवाळीला मोठी मुलं उटणं पुड्यांत भरतात, आकाशकंदील करतात आणि स्वतः विकतात. गिऱ्हाईक शंभराची नोट देतं आणि "राहू दे बाळ सुट्टे, तुला खाऊला" म्हणून जातं. अहो घ्या की सुट्टे परत! तो पोरगा वर्षभर तेच शिकलाय, शंभरातून साठ गेले तर किती, आणि तुम्ही त्याला परीक्षेलाच बसू देत नाही.

तर दादा, वाढदिवसाला एका महिन्याचं स्पीच थेरपिस्टचं मानधन द्या, किंवा इकोला येणाऱ्या आयांचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या. आणि मुलाला घेऊन असंच एखाद्या दुपारी या, फोटोग्राफर न आणता. कॅरम आहे. आमची पोरं सोंगट्या ढापतात, सांभाळून खेळायला सांगा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. माझं लग्न ठरवायचं चाललंय, घरचे म्हणतात स्थळ आलं की भावाला मावशीकडं पाठवू. मला ते पटत नाही, पण भीती पण वाटते की माझ्या मुलांना होईल का. (वय 24, इचलकरंजी)

भावाला कुठंही पाठवू नकोस. पोहे आणायला त्यालाच सांग.

भीतीचं उत्तर कागदावर आहे. भावाचा कॅरिओटाईप, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट शोध. त्यात सुरुवातीला 47 आकडा असेल तर साधी ट्रायसोमी, म्हणजे 21 नंबरची तीन सुटी गुणसूत्रं, दर शंभरात 95 जणांना हीच असते आणि ती घराण्यातून येत नाही, म्हणजे तुझी शक्यता इतर कुठल्याही मुलीइतकीच. 46 नं सुरू होऊन पुढं "रॉब" किंवा "डेर" असं काही लिहिलं असेल तर ट्रान्सलोकेशन, म्हणजे 21 चं जास्तीचं गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं. असं तीन-चार टक्क्यांत असतं आणि त्यातल्या काही घरांत आई किंवा वडील स्वतः ठणठणीत असून वाहक असतात. तसं निघालं तर तुझी पण रक्ताची तपासणी करून घे, एकदाच करायची असते. रिपोर्ट हरवला असेल तर भावाची परत करता येते. स्थळाला हे सगळं पहिल्या भेटीतच सांग, जे उठून जातील ते पुढं तुझ्या किंवा तुझ्या माणसांच्या आजारपणात कसे वागले असते ते तुला फुकटात कळलं.

प्रश्न : पोरगा 11 वर्षांचा आहे, लै गुबगुबीत झालाय. आमच्या घरात तीन पिढ्या तालीम आहे, त्यालाही मातीची ओढ आहे, वस्ताद घ्यायला तयार आहेत. घालू का? (एक पैलवान बाप, करवीर तालुका)

वस्ताद तयार आहेत हे वाचूनच बरं वाटलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. तालमीत घाला, पण कुस्ती लावू नका.

कारण मानेत आहे. या मुलांचे सांधे सैल असतात, आणि कवटीच्या खालचे मानेचे पहिले दोन मणके काहींच्यात जास्त हलतात. मान दाबली, जोरात वाकली, धोबीपछाड बसली तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. त्याच कारणानं कोलांटी उडी, ब्रिज, डोक्यावर उभं राहणं आणि पाण्यात सूर मारणं नको. एक्सरे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात सगळं दिसतंच असं नाही. लक्षणांकडं लक्ष ठेवा. मान दुखणं, मान वाकडी धरणं, चालण्यात फरक, हातातली वस्तू पडणं, नीट जमत असलेली लघवी परत कपड्यात होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

बाकी तालमीत काम कमी आहे का? माती ओढणं, पळणं, बैठका, हौद्याला पाणी मारणं. पोहणं तर उत्तम. आणि वजनाचं म्हणाल तर आधी टीएसएच करा, कारण थायरॉईड कमी असेल तर कितीही पळवला तरी वजन हटत नाही आणि पोरगं आळशी म्हणून उगाच मार खातं. थायरॉईड ठीक निघाला तर मग पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी कोण वाढतंय ते बघा, बहुतेक आजी असते.

प्रश्न : नात चार वर्षांची, मोजून पाच-सहा शब्द बोलते. थेरपीवाल्या बाई हातानं खुणा शिकवतात. त्यानं ती मुकीच राहील असं वाटतं. एकजण बुद्धी वाढवायची पावडर देतो म्हणतोय, महिन्याला तीन हजार. (आजी, गडहिंग्लज)

आजी, खुणा शिकवू द्या. या मुलांना समजतं आधी आणि बोलता येतं फार उशिरा, मधल्या काळात ती चिडतात, आदळआपट करतात. पाणी, दे, नको, शू, एवढ्या खुणा आल्या तरी घर शांत होतं, आणि शब्द आला की खूण आपोआप सुटते. तुम्ही पण शिका, करताना तोंडानं शब्द म्हणायचा. कान मात्र परत तपासा, या मुलांच्या कानात पडद्यामागं पाणी साठतं आणि ऐकूच कमी आलं तर बोलणार काय.

पावडर घेऊ नका. जास्तीचं गुणसूत्र कुठल्याही पावडरीनं जात नाही. तीन हजारात महिन्याच्या थेरपीतलं बरंच भागेल.

प्रश्न : मुलगा येत्या महिन्यात 18 पूर्ण करतो. बँकेत म्हणाले आता सही त्याची लागेल, तुमची चालणार नाही. तो नाव लिहितो पण व्यवहार कळत नाही. काय करायचं? (आई, शाहूपुरी)

कायद्यानं 18 नंतर आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना बँकेच्या काउंटरवरच कळतं. नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली कायदेशीर पालकत्व मिळतं, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडं अर्ज करायचा. आई-वडील दोघांचं मिळून करता येतं. तुमच्यापैकी कुणी सरकारी नोकरीत असाल तर फॅमिली पेन्शनसाठी मुलाचं नाव ऑफिसात नोंदवायचं पण आत्ताच करा, रिटायर व्हायची वाट बघू नका.

जाताना मुलाला बरोबर न्या, समितीला त्याच्याशी बोलायचं असू शकतं. आणि तो नाव लिहितो ना, मग जिथं त्याची सही चालते तिथं त्यालाच करू द्या. पालकत्वाचा आदेश आला की त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, बँक एक ठेवून घेते, पोस्ट एक ठेवून घेतं, आणि संजय गांधीच्या फाईलला परत लागतेच.