हाताचा एक्झिमा नवीन असेल तर: जंतूंबद्दल थोडं

डेटॉलने हात धुणं आधी थांबवा. सुरुवातीला मीही तेच करायचे, आणि भेगा वाढतच गेल्या.

एक्झिमा म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे, आणि तो दुसऱ्याला लागतही नाही. पण त्वचेचं कुंपण मोडलं की स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू तिथे ठाण मांडतो. निरोगी माणसांतही सुमारे 30 टक्के लोकांच्या नाकात तो असतोच. भेगाळलेल्या त्वचेवर तो विषारी द्रव्यं सोडतो, त्यामुळे दाह वाढतो, खाज सुटते, आपण खाजवतो, आणि कुंपण आणखी मोडतं. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे त्याचे काही भाऊबंद मात्र आपले राखणदार आहेत. त्यांतले काही ऑरियसला मारणारी द्रव्यं बनवतात. जंतुनाशकाने तेही जातात.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचं माप, 7 च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण 5. साबणाची वडी 9-10 ची. म्हणून सौम्य सिंडेट बार (साबण नसलेली धुण्याची वडी), कोमट पाणी, आणि हात ओलसर असतानाच जाड मलम किंवा व्हॅसलिन. भांडी घासताना आत सुती, वर रबरी हातमोजे.

डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइड मलमाला घाबरू नका. दाह उतरला की ऑरियसही कमी होतो, बहुतेकदा अँटिबायोटिकशिवाय. पण दुकानदाराने हातात ठेवलेलं स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेलं मलम कृपा करून लावू नका.

पिवळसर खपली, पू, ठणका किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.