मजला चढवायचा की कर्ज उतरवायचं?

प्रश्न : आमचं दोन बेडरूमचं बैठं घर आहे. गृहकर्जाचे 28 लाख बाकी, बदलता दर, सध्या 8.5 टक्के, अजून 14 वर्षं. हप्ता 28,558. काही ठेवी आणि एक विमा पॉलिसी यांची मुदत संपून 18 लाख हातात आले आहेत. सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे येत आहेत, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. मुलगा 15 वर्षांचा, मुलगी 10. वर दोन खोल्यांचा मजला चढवावा असं मला वाटतं. कंत्राटदाराने 16 लाख सांगितले आहेत. यजमान (वय 45) म्हणतात, सगळे पैसे कर्जात भरून टाकू. दोघांची मिळून कमाई 1 लाखाच्या आसपास, हप्ता धरून घरखर्च 65 हजार. मुलाच्या शिक्षणासाठी 9 लाख वेगळे आहेत. शाळा संपली की तो बाहेर शिकायला जाईल असं दिसतं. घराच्या बाजूला थोडी मोकळी जागा आहे आणि मागे एक बंद व्हरांडा. काय करावं?

उत्तर :

ताई, नमस्कार.

यजमानांचं म्हणणं आकड्यांवर उभं आहे आणि बरंचसं बरोबर आहे, म्हणून आधी आकडेच घेऊ. तुम्ही या महिन्यात भरलेल्या 28,558 पैकी 19,833 व्याजात गेले. मुद्दल फिटलं ते फक्त 8,725. असंच चालू राहिलं तर 14 वर्षांत नुसतं व्याजच 20 लाखांच्या घरात जाईल. कर्ज फेडणं म्हणजे 8.5 टक्क्यांनी, कसलीही जोखीम न घेता पैसे गुंतवण्यासारखं आहे. व्याजावर करसवलत मिळत असेल तर हा फायदा थोडा कमी धरा. तरीही कर भरून एवढं हातात देणारी सुरक्षित ठेव सहसा मिळत नाही.

18 पैकी 14 लाख आज भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज सुमारे 5 वर्षांत संपतं आणि व्याजाचे जवळपास 16 लाख 70 हजार वाचतात. (उरलेले 4 लाख का बाजूला काढले, ते पुढे सांगते.) आता हाच हिशेब 14 ऐवजी 7 लाखांचा करून बघा. कर्ज 8 वर्षं 8 महिन्यांत संपतं आणि 11 लाख 20 हजार वाचतात. निम्म्या पैशात दोन तृतीयांश बचत पदरात पडते. कारण तुम्ही आगाऊ भरता तो पैसा सगळ्यात शेवटचे हप्ते आधी पुसून टाकतो, आणि सगळ्यात जास्त काळ व्याज चढणार होतं ते त्याच हप्त्यांमधल्या मुद्दलावर. पहिल्या 7 लाखांनी मोठं काम होतं, पुढच्या 7 लाखांनी त्याच्या निम्मंच. यजमानांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. सगळे पैसे कर्जात घालायचा त्यांचा आग्रह इथेच थोडा सैल होईल असं मला वाटतं.

आता तुमच्या मजल्याकडे येऊ. 16 लाखांचा आकडा कंत्राटदाराने तोंडी सांगितला आहे की कामांची यादी करून लिहून दिला आहे, हे पत्रात नाही. तोंडी असेल तर तो आकडा धरून चालू नका. जिना, वरच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, विजेचं वायरिंग, नळजोडणी, खिडक्यांच्या जाळ्या, रंग, कपाटं, पंखे यातलं काय धरलं आहे आणि काय नाही, ते एकेक विचारा. बहुतेक वेळा यातल्या दोन-तीन गोष्टी ‘ते नंतर बघू’ म्हणून बाहेर राहिलेल्या असतात. शिवाय खालचा पाया आणि कॉलम वरचा भार पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासल्याशिवाय मजल्याची गोष्टच काढू नये. आणि 16 लाखांत काम झालं असं धरलं, तरी हातात राहतात 2 लाख, म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च. घरात शिक्षणाच्या उंबरठ्यावरचा मुलगा आणि आजारी ज्येष्ठ माणूस असताना एवढ्यावर राहणं मला धोक्याचं वाटतं.

पण माझी खरी हरकत पैशांची नाही. वर राहणार कोण? सासूबाई जिना चढू शकत नाहीत, त्या खालीच राहणार. मुलगा तीन वर्षांत बाहेर पडेल, मुलगी आठ वर्षांत. म्हणजे तुम्ही साठीकडे झुकाल तेव्हा वर दोन रिकाम्या खोल्या असतील, आणि त्या झाडायला, गळती बघायला जिना चढायचा तुम्हालाच. तुमची अडचण खरी आहे, पण ती दोन खोल्यांची नाही. सासूबाईंना स्वतःची जागा हवी, ती तळमजल्यावर हवी आणि लागून न्हाणीघर-संडास हवा. ती आजच हवी आहे.

म्हणून माझा सल्ला असा की मजला चढवू नका. बाजूच्या मोकळ्या जागेत एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर बांधा. यासाठी 6 लाखांचं अंदाजपत्रक आणि 1 लाख वरखर्चाला, असे 7 लाख ठरवा. लेखी अंदाजपत्रक 7 च्या वर गेलं तर आधी खोली लहान करा, न्हाणीघर मात्र लहान करू नका. त्याचं दार पुढेमागे चाकाची खुर्ची आत जाईल एवढं रुंद ठेवा. उंबरठा नको, फरशी खरखरीत हवी, आणि कमोडशेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा बसवा. या गोष्टी बांधतानाच केल्या तर किरकोळ खर्चात होतात; नंतर फरशी फोडून करायला गेलात तर महागात पडतात. आणि पाया पुढेमागे वर मजला पेलेल असा घ्यायला किती जास्त लागतील, तेवढं इंजिनिअरला विचारून ठेवा. फरक परवडणारा असेल तर तसाच घ्या, म्हणजे मजल्याचा रस्ता कायमचा बंद होणार नाही.

यात मुलाची गैरसोय होणार, हे मी लपवत नाही. 15 वर्षांच्या मुलाला धाकट्या बहिणीबरोबर एकाच खोलीत राहा म्हणणं बरोबर नाही. मागच्या व्हरांड्यात त्याची कॉट, टेबल, दिवा आणि आतून कडी लागेल असं दार करून द्या. तीन वर्षं त्याला ते पुरेल. त्याला आधी विचारा मात्र; त्याच्या परस्पर ठरवू नका.

उरलेल्या 11 लाखांपैकी 4 लाख, म्हणजे सहा महिन्यांचा हप्त्यासकट घरखर्च, वेगळ्या खात्यात ठेवा. सासूबाईंचं औषधपाणी किंवा नोकरीतली अडचण यांच्यासाठीच ते आहेत. मुलाच्या 9 लाखांना कुठल्याही कारणाने हात लावू नका. राहिलेले 7 लाख कर्जात भरा.

क्रम मात्र चुकवू नका. कर्जात भरलेला पैसा सहजासहजी परत मिळत नाही. मागायला गेलात तर तो नवं कर्ज म्हणून मिळतो, नवी कागदपत्रं आणि नवा दर घेऊन. आधी 7 लाख भरून मग बांधकामात पैसे कमी पडले, अशी वेळ येऊ देऊ नका. पहिल्यांदा 4 लाख बाजूला काढा, मग बांधकाम पूर्ण करा, कंत्राटदाराचा शेवटचा हिशेब चुकता करा आणि मगच कर्जात भरा. मधल्या चार-सहा महिन्यांत 7 लाखांवर ठेवीच्या व्याजापेक्षा कर्जाचं व्याज थोडं जास्त जाईल, ते जाऊ द्या. तुमचं कर्ज बचत खात्याला जोडलेलं असेल, म्हणजे खात्यात पडून असलेल्या रकमेवर व्याज लागत नसेल, तर सगळे पैसे तिथेच ठेवा. मग तेवढंही नुकसान नाही. कंत्राटदाराला पैसे कामाच्या टप्प्यांनुसारच द्या. शेवटचा हप्ता न्हाणीघरात पाणी सोडून, दुसऱ्या दिवशी भिंती कोरड्या आहेत हे बघून मगच द्या.

घर बँकेकडे तारण आहे हेही ध्यानात ठेवा. कर्जाच्या करारात बहुधा अशी अट असते की बँकेला कळवल्याशिवाय, तिची संमती घेतल्याशिवाय बांधकामात बदल करायचा नाही. बांधकामाची परवानगी आणि बँकेची संमती, दोन्ही लेखी घ्या. खोली पूर्ण झाली की घराच्या विम्याची रक्कम वाढवून घ्या.

यजमानांना कर्जाचं ओझं सलतं, ते मी हलकं लेखत नाही. त्यांच्यासाठी एक गोष्ट सुचवते. तुमच्याकडे महिन्याला साधारण 35 हजार शिल्लक राहतात. त्यातले 5 हजार, किंवा बँक हप्ता वाढवून देत नसेल तर वर्षातून एकदा 60 हजार, कर्जात जादा भरत गेलात, तर 7 लाख भरल्यानंतरचं कर्ज साधारण 7 वर्षांत संपतं. 14 लाख एकदम भरून 5 वर्षांत संपत होतं. मधली दोन वर्षं ही सासूबाईंच्या खोलीची किंमत आहे, आणि ती द्यावी असंच माझं मत आहे. मुलाच्या शिक्षणाच्या वर्षांत हात आखडला तर ही जादा भरणी थांबवता येते. ठरलेला हप्ता थांबवता येत नाही. 16 लाखांचं बांधकाम टॉप-अप कर्जावर, म्हणजे याच गृहकर्जावर आणखी वाढवून घेतलेल्या कर्जावर, करून ‘दोन्ही साधू’ असं कुणी सुचवलं, तर सरळ नाही म्हणा. वाढलेला हप्ता चालू असतानाच मुलाची फी सुरू होईल, आणि दोन्ही एकदम भरावं लागेल.

वरचा मजला भाड्याने द्यायचा असेल, किंवा मुलगा घरीच राहून शिकणार असं पक्कं झालं, तर माझं उत्तर बदलेल. तसं असेल तर पुन्हा लिहा, वेगळा हिशेब मांडू.

7 लाख भरायच्या दिवशी बँकेला लेखी अर्ज द्या : ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो 21,418 वर येईल खरा, पण व्याज 11 लाखांऐवजी 5 लाखांच्या आसपासच वाचेल. मुदतीआधी भरण्यासाठी काही शुल्क आहे का, तेही आधी विचारा. मग परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख बघा. ती पावणेनऊ वर्षांच्या आतली नसेल, तर खिडकीवरून हलू नका, तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.