काही तासांची खोली: कायदा, काउंटर आणि घरातली गर्दी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं 26-27 वर्षांचे, दोघंही नोकरी करता, डोंबिवलीतली दोन्ही घरं माणसांनी भरलेली. चार तास निवांत मिळावेत म्हणून लॉजवर खोली घेतली तर तो गुन्हा होतो का, पोलीस आले तर काय करायचं आणि घरी कळेल का? त्यावर कुणी तरी "चांगल्या घरच्या मुली असल्या जागी जात नाहीत" असं लिहून गेलंय. मी ठाण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत हॉटेलांच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. आणि त्या शेवटच्या वाक्याचा मला खरोखर राग आलाय, हेही आधीच सांगतो.

आधी कायदा. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी स्वतःच्या मर्जीने हॉटेलची खोली घेणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अभिनेत्री खुशबू यांच्या प्रकरणात 2010 मध्येच म्हटलंय. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2019 मध्ये कोइमतूरला प्रशासनाने एक लॉज सील केला होता, आणि खोलीत अविवाहित जोडपं सापडलं हे त्यामागचं एक कारण होतं. मद्रास उच्च न्यायालयाने विचारलं की यात कायदा कुठे मोडला? आणि सील काढायला लावलं. हा निकाल महाराष्ट्रात थेट बंधनकारक नसला तरी वकिलाला त्याचा आधार घेता येतो. मात्र दोघांपैकी एकाचंही वय 18 च्या आत असेल, तर हे सगळं बाजूला राहतं आणि पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो. तिथे संमतीचा बचाव चालत नाही.

मग भीती कसली? ती आली आहे ऑगस्ट 2015 सारख्या घटनांतून. तेव्हा मढ आणि अक्साच्या हॉटेलांवर मुंबई पोलिसांनी धाड घातली आणि बंद खोल्यांतून चाळीसएक जोडप्यांना बाहेर काढून चौकीवर नेलं. पोलीस कायद्याचं कलम 110 लावलं, 1200 रुपये दंड घेतला, काहींच्या आईवडिलांना फोन गेले. कलम 110 आहे सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं. आतून कडी लावलेली, पैसे भरून घेतलेली खोली सार्वजनिक ठिकाण कशी होते? तेव्हा बराच गदारोळ झाला आणि पोलीस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. पण ज्या मुलीच्या घरी फोन गेला, तिचं त्या चौकशीने काय भलं झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी हत्यार दंडाचं नव्हतंच, आईवडिलांना केलेल्या फोनचं होतं.

आता काउंटर. तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येईल ते वाक्य म्हणजे "लोकल आयडी चालणार नाही." आधारवर डोंबिवलीचा पत्ता आणि खोली मागताय ठाण्यात, म्हणजे झोपायला घर असूनही आलाय, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा सरकारी नियम नाही, हॉटेलवाल्याने स्वतः घातलेली अट आहे. स्थानिक चौकीची कटकट नको म्हणून बहुतेक जण ती घालतात. जानेवारी 2025 मध्ये हॉटेल बुकिंग करून देणाऱ्या ओयो कंपनीने मेरठमधल्या हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना नकार द्यायची मुभा दिली, तेही त्याच प्रकारातलं. त्यामुळे ॲपवर लोकल आयडी आणि अविवाहित जोडपी चालतात असं स्पष्ट लिहिलेलं असेल तिथेच बुकिंग करा, आणि निघायच्या आधी हॉटेलला फोन करून खात्री करून घ्या. ॲपवर हो आणि दारात नाही, हे फार वेळा होतं.

गंमत बघा, त्याच काउंटरवर दोन पुरुष आले तर कुणी एक अक्षर विचारत नाही. स्त्री आणि पुरुष उभे राहिले की मॅनेजरची नजर आधी मंगळसूत्राकडे जाते. कितीतरी मुली लोकलमधून उतरल्यावर पर्समधून मंगळसूत्र काढून घालायच्या आणि सही करताना हात थरथरायचा. मला ते बघवत नसे. ज्या गोष्टीत गुन्हा नाही तिच्यासाठी माणसाला खोटं सोंग घ्यायला लावणं, यापेक्षा मोठी नामुष्की कुठली?

आणि येतं कोण, तेही ऐका. कॉलेज सोडून फिरणारी पोरं येतात असा लोकांचा समज आहे. माझ्या रजिस्टरात नवराबायकोच भरपूर असायचे. वन आरकेमध्ये सासूसासरे, दीर, दोन मुलं. मुलांना आजीकडे ठेवून "बँकेचं काम आहे" सांगून दुपारचे तीन तास. साठीच्या पुढची जोडपीही यायची. एकाची बायको गेलेली, दुसरीचा नवरा, मुलं मोठी, आणि घरात या वयात सोबतीचा विषय काढायचीही सोय नाही. अशा एक काकू खोलीत चहा मागवायच्या आणि दार सताड उघडं ठेवून दोघं नुसते बोलत बसायचे. त्यांनाही तीच नजर झेलावी लागायची.

हे नवीन नाही. गिरणगावातल्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत दहा-दहा माणसं राहायची. घरात नवीन लग्न झालं की बापे गॅलरीत नाही तर गच्चीवर पथारी टाकायचे, नवीन जोडप्याला पोटमाळा मिळायचा, आणि कुणी त्यावर बोलायचं नाही. घरच्या मोठ्यांना गरज कळत होती आणि ते जागा करून द्यायचे. पण ती समजूत फक्त लग्नाच्या जोडप्यापुरती होती, बाकीच्यांनी मरीन ड्राइव्हला छत्रीआड नाही तर बँडस्टँडच्या खडकांवर बसायचं. तिथेही हवालदाराची काठी येतेच. म्हणजे उघड्यावर बसलं तर असभ्य आणि दार लावलं तर संशयित.

जपानमध्ये हाच प्रश्न युद्धानंतरच्या छोट्या घरांत आला. पातळ भिंती, कागदी सरकती दारं, तीन पिढ्या एकत्र. तिथे लव्ह हॉटेलांचा रीतसर धंदाच उभा राहिला. तासांचा दर आणि रात्रीचा दर दारावर लिहिलेला, खोलीचं चित्र बघून बटण दाबायचं, पैसे मशीनमध्ये किंवा छोट्या खिडकीतून द्यायचे, कुणाचा चेहरा दिसत नाही. विवाहित जोडपीही जातात. 1985 पासून तिथे त्यांच्यासाठी कायद्याची चौकट आहे. आपल्याकडेही मागणी तेवढीच आहे, पण पुरवठा मात्र चोरीछुपे होतो. त्याचा फायदा होतो तो तिप्पट भाडं लावणाऱ्याला आणि "घरी सांगू का?" म्हणून पैसे उकळणाऱ्याला.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की जिथे आयडी मागत नाहीत ती जागा सुरक्षित समजू नका. तिथे तुमची नोंद नाही, म्हणजे काही घडलं तर तुम्ही तिथे होतात हे सिद्ध करायलाही काही नाही, आणि धाड बहुधा अशाच ठिकाणी पडते. पिटा, म्हणजे वेश्याव्यवसायासाठीच्या शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली एखाद्या लॉजवर कारवाई झाली तर निष्पाप जोडपीही त्यात भरडली जातात. दोघांची खरी नावं लिहा, नवराबायको म्हणून खोटी सही करू नका. आधारची मास्क्ड प्रत द्या, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. ती चालत नसेल तर ड्रायव्हिंग लायसन्स द्या. घरी सहसा कळतं ते हॉटेलकडून नाही, तर बुकिंगच्या मेलमुळे नाही तर घरच्यांसोबतच्या बँक खात्यातल्या एंट्रीमुळे. तेवढं आधी बघा.

खोलीत गेल्यावर पाच मिनिटं द्या. पलंगाच्या दिशेने रोखलेलं घड्याळ, स्मोक डिटेक्टर, विनाकारण लावलेला चार्जर, सेट-टॉप बॉक्स तपासा. दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च फिरवला तर लेन्स चमकते. काही सापडलं तर हात न लावता फोटो काढा आणि 112 ला फोन करा. चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली आणि आयटी कायद्याच्या 66ई खाली गुन्हा आहे. पुढे कुणी व्हिडिओवरून धमकावलं तर एक रुपयाही देऊ नका, 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला कळवा.

पोलीस आलेच तर दार उघडा, आवाज चढवू नका, आयडी दाखवा, "आम्ही दोघं सज्ञान आहोत, मर्जीने आलोय" एवढंच सांगा. अधिकाऱ्याचं नाव आणि कुठल्या कलमाखाली कारवाई आहे ते विचारा. तुम्ही सज्ञान आहात, तेव्हा आईवडिलांचा नंबर द्यायची सक्ती तुमच्यावर नाही. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. ओळखीच्या एखाद्या वकिलाचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. आणि तुमच्या दोघांपैकी कुणाला त्या दिवशी नको वाटलं, अगदी खोलीत गेल्यावर नको वाटलं, तरी उठून परत या. भाडं गेलं तर जाऊ दे.