परदेशातल्या अनोळखी ग्राहकाला साडी पाठवताना नेमकी फसगत कुठे होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इन्स्टाग्रामवर अमेरिकेतल्या एका अनोळखी बाईंनी २८ हजारांची पैठणी पसंत केली, पेपालवर (परदेशातून ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा) पैसे पाठवल्याचा मेलही आला, तर पार्सल टाकू का?

आज टाकू नका. मेलमधल्या लिंकला हात न लावता ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून पेपालच्या खात्यात लॉगिन करा आणि व्यवहार तिथे दिसतो का ते बघा. पेपाल कधीकधी नव्या विक्रेत्याचे पैसे खरोखर रोखून ठेवतं, पण तशी नोंद खात्यात दिसते. खात्यात काहीच नाही आणि मेल मात्र सांगतोय की ‘ट्रॅकिंग नंबर कळवा, मग पैसे सुटतील’, तर मेल बनावट आहे. याचाच दुसरा प्रकार म्हणजे ‘चुकून जास्त रक्कम गेली, वरचे पैसे आमच्या शिपिंग एजंटला पाठवा’. तो एजंट त्यांचाच माणूस असतो आणि मूळ रक्कम बहुतेक वेळा चोरीच्या कार्डावरून आलेली असते. ‘वेस्टर्न युनियनने पाठवते’ म्हणाल्या तरी नको. भारतात ती सोय घरखर्चासाठी येणाऱ्या वैयक्तिक पैशांपुरती आहे, मालाच्या व्यवहाराला चालत नाही.

पैसे खरंच आले, तरी ते लगेच तुमचे झाले असं धरू नका. पेपालवर ग्राहकाला तक्रार करायला १८० दिवस मिळतात. ‘वस्तू मिळालीच नाही’ किंवा ‘हा व्यवहार मी केलाच नव्हता’ अशा तक्रारीत विक्रेत्याला संरक्षण मिळू शकतं. त्यासाठी व्यवहाराच्या तपशिलात जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर, ट्रॅकिंगसह पार्सल गेलेलं असावं लागतं, आणि रक्कम ७५० डॉलर किंवा जास्त असेल तर पोचल्याची सहीही लागते. ‘दाखवली तशी निघाली नाही’ या तक्रारीला हे संरक्षण लागू नाही. बरेच विक्रेते इथेच अडकतात.

म्हणून मी एकच कसोटी लावते: पैशांची नोंद, बिल, कस्टम्सचा फॉर्म आणि पार्सलवरचं लेबल, चारही ठिकाणी नाव, पत्ता आणि किंमत एकच हवी. ग्राहक यातली एक जरी गोष्ट बदलायला सांगत असेल तर तिथेच थांबा. ‘बहिणीच्या पत्त्यावर पाठवा’ म्हटलं, तर पैसे परत करा आणि त्या पत्त्यासह नव्याने भरायला सांगा. पत्ता फॉरवर्डिंग कंपनीचा, म्हणजे पार्सल घेऊन पुढे दुसरीकडे पाठवणाऱ्यांचा निघाला (रस्त्याच्या नावापुढे लांबलचक सुइट नंबर असेल तर पत्ता मॅपवर टाकून बघा), तर माल तिथून पुढे कुठे गेला याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. कुरिअरनेच पाठवत असाल तर ‘वाटेत पत्ता बदलू नये’ अशी सूचना बुकिंगच्या वेळीच द्या. पार्सल निघाल्यावर ग्राहकाने थेट कंपनीला फोन करून पत्ता फिरवणं ही जुनी युक्ती आहे.

‘गिफ्ट लिहा, किंमत ५० डॉलर टाका’ ही मागणी चांगली माणसंही करतात. ऐकू नका. ती कस्टम्सकडे खोटी नोंद ठरते, पार्सल हरवलं तर भरपाई त्या ५० डॉलरच्या हिशेबानेच मिळते, आणि तक्रारीत तुमचाच फॉर्म तुमच्या विरोधात उभा राहतो. शिवाय अमेरिकेत येणाऱ्या ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयात शुल्काची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. आपल्या टपाल खात्याने तिकडची बुकिंग मध्यंतरी थांबवली होती, ती १५ ऑक्टोबर २०२५ पासून शुल्क आधीच भरून घेण्याच्या पद्धतीने पुन्हा सुरू झाली. दर बदलत राहतात, तेव्हा बुकिंगच्या दिवशी काउंटरवर विचारा आणि शुल्क कोण भरणार हे ग्राहकाकडून लेखी घ्या. न सांगता शुल्क अंगावर आलं की लोक पार्सल नाकारतात.

विक्रीचा माल पाठवायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड लागतो. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) साइटवर ५०० रुपयांत निघतो. टपालाने पाठवणार असाल तर डाकघर निर्यात केंद्रात पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट, म्हणजे टपालाने होणाऱ्या निर्यातीचा कस्टम्सचा कागद भरा. कुरिअर एजंटला स्पष्ट विचारा, ‘सीएसबी फाइव्हमध्ये (विक्रीच्या मालासाठीचं कुरिअर शिपिंग बिल) टाकताय ना?’ बरेच एजंट सोपं पडतं म्हणून विक्रीचा माल सीएसबी फोरमध्ये, म्हणजे भेटवस्तू किंवा नमुना म्हणून सरकवतात. मग निर्यात झाल्याचा कागदच राहत नाही. फॉर्मवर नुसतं ‘कपडा’ लिहू नका. रेशमी साडी, विणलेली, एक नग, आणि सहा आकडी एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक. रेशमी कापडाचे कोड ५००७ ने सुरू होतात.

‘दाखवली तशी नाही’ला उत्तर म्हणजे पॅकिंगच्या वेळचा पुरावा. पदर, दोन्ही काठ, उलटी बाजू आणि सिल्क मार्कच्या (शुद्ध रेशमाची खूण) लेबलवरचा नंबर वाचता येईल असे फोटो काढा. मग न थांबवता एकच व्हिडिओ: साडी, घडी, खोका, टेप, लेबल. पावतीवर वजन छापलं आहे ना हे काउंटरवरच बघा. ‘रिकामा खोका आला’ म्हणणाऱ्यापुढे पावतीवरचं वजन फार कामाला येतं. परत आलेली साडी वेगळी निघाली तर तो लेबल नंबरच तुमच्या बाजूने बोलतो.

साडी मलमलीत गुंडाळा, वर प्लॅस्टिकची पिशवी, मग घट्ट बसेल असा कोरुगेटेड खोका. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर नको, जरीकाम काळं पडतं. प्रेमाने हळदीकुंकवाची पुडी, सुपारी, गजरा ठेवायचा मोह होतो, पण फॉर्मवर न लिहिलेली पूड किंवा वनस्पती सापडली की पार्सल अडकतं. खोका विनाकारण मोठा घेऊ नका. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ४० × ३० × २० चा खोका ४.८ किलोचा धरला जातो, आत किलोभराची साडी असली तरी.

पार्सल पोचलं नाही तर काय करायचं, हे टपालाच्या फॉर्मवर तुम्हालाच निवडायचं असतं: परत पाठवा किंवा सोडून द्या. पैठणीसाठी ‘परत पाठवा’ यावरच खूण करा. परतीचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, तो किमतीत आधीच धरा. निर्यातीचा कागद आणि फोटो जपून ठेवा, कारण ही साडी इथूनच गेली होती हे सिद्ध करता आलं नाही, तर स्वतःच्याच मालावर आयात शुल्क भरायची वेळ येते.